सात ठिपक्यांचा वाघ

"भाऊ, तो बैल हाये जी. आपलाच. ठेवा ते खाली."

झरी जामणी तालुक्यात, मुकुटबनच्या अलीकडच्या एका शेतात मचाणावर बसून मी दहा मिनिटं श्वास रोखून जे पाहत होतो, त्याचा निकाल सोबत बसलेल्या काकांनी असा लावला. हातातल्या थर्मल कॅमेऱ्यात बांधापलीकडे एक लांबट पांढरा डाग हलत होता. पुढे सरके, थांबे, पुन्हा सरके. माझ्या मनात त्याला पट्टे कधीच उमटले होते. काकांनी कॅमेरा हातात घेतला नव्हता की त्या दिशेला मानही वळवली नव्हती. त्यांनी फक्त गळ्यातली घाटी ऐकली होती.

नोव्हेंबर संपत आला होता. कपाशीचा दुसरा वेचा चालू, तूर फुलावर, सोयाबीन काढलेल्या वावरात हरभरा वीतभर वर आलेला. रानडुकरं आणि रोही यांना हे वेळापत्रक कृषी खात्यापेक्षा चांगलं पाठ असतं. म्हणून जागल. त्यात पंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायलाही अंधारातच जावं लागतं. दक्षिणेला पैनगंगा, नदीपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा, पश्चिमेला शेजारच्या केळापूर तालुक्यातलं टिपेश्वर अभयारण्य. मध्ये कापसाची वावरं, कोलाम-गोंडांचे पोड, चुनखडीच्या खाणी आणि सलग नसलेलं जंगल.

टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे वाढलेल्या वाघांना स्वतःचं राज्य शोधायला बाहेर पडावंच लागतं. २०१९ च्या फेब्रुवारीत तिथल्या एका तरण्या वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली होती. पुढे जगभर 'वॉकर' म्हणून ओळखला गेलेला तो हाच. तेलंगणात जाऊन, परत येऊन, विदर्भ-मराठवाड्यातली शिवारं तुडवत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी भटकंती धरली तर सुमारे ३,००० किलोमीटर. बराचसा प्रवास रात्रीचा, आणि वाटेतल्या बहुतेकांना कळलंही नाही की आपल्या तुरीतून वाघ गेला. अंधारात बघणारं यंत्र हवं असं इथल्या माणसाला वाटलं तर त्यात नवल नाही. माझ्या हातातलं यंत्र मात्र एका प्राणी-अभ्यासक मित्राचं, चार दिवसांच्या बोलीवर आणलेलं. बरं यंत्र घ्यायचं तर बैलजोडीची किंमत मोजावी लागते.

नाइट व्हिजन म्हटलं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. सिनेमातलं हिरवं दिसणारं नाइट व्हिजन चांदण्याचा किंवा ताऱ्यांचा क्षीण उजेड हजारो पटींनी वाढवून दाखवतं. त्याला थोडा का होईना उजेड लागतो. थर्मलला तोही लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर टाकत असते. हा कॅमेरा तेच टिपतो. हे किरण पहिल्यांदा पकडले विल्यम हर्शलने, १८०० साली. युरेनस शोधणारा हाच तो. लोलकातून पडलेल्या सात रंगांच्या पट्ट्यात तो प्रत्येक रंगाचं तापमान मोजत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटरचा पारा सगळ्यात वर चढला. अजगर आणि चापडा यांच्या तोंडावरच्या खळग्यांना मात्र ही विद्या हर्शलच्या कितीतरी आधीपासून अवगत आहे.

कॅमेऱ्याची काच काचेची नसते. साधी काच हे किरण अडवते, म्हणून भिंग जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या चकचकीत, महागड्या मूलद्रव्याचं करतात. याचा धडा मला पहिल्याच रात्री मिळाला. थंडी म्हणून जीपची काच वर केलेली ठेवून मी बाहेर रोखून पाहिलं, तर पडद्यावर एक भुतासारखा पांढरा चेहरा माझ्याकडेच रोखून पाहत होता. काचेत उमटलेली माझीच ऊब ती. काच खाली केली तेव्हा कुठे शेत दिसलं.

मग दोन रात्री मी लहान पोरासारखा सगळ्या जगाकडे त्यातून पाहत बसलो. बाजेवर पाच बोटं टेकवून उचलली की पंजाचा ठसा मिनिटभर तिथेच उजळलेला राहतो. बंद केलेली मोटर तासाभरानेही निखाऱ्यासारखी दिसते. नुकतं ओलीत झालेलं वावर काळं, कोरडं वावर राखाडी. गोठ्यावरचे नवे कोरे टिनपत्रे सगळ्यात काळे. ते स्वतःची ऊब दाखवण्याऐवजी वरच्या थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतात. दर काही मिनिटांनी यंत्रातून 'टक' असा बारीक आवाज येतो आणि चित्र क्षणभर गोठतं. ते बिघडलेलं नसतं. आतली झडप मिटून यंत्र आपल्या हजारो संवेदकांचा हिशेब पुन्हा जुळवून घेत असतं. शांत रात्री तो आवाज चांगला मोठा वाटतो. काका म्हणाले, "हे तर घड्याळापरीस जास्त टकटक करून राह्यलं."

बांधावरच्या दगडांनी मला सगळ्यात जास्त फसवलं. दिवसभर तापलेला काळा दगड अंधार पडल्यावर दोन-तीन तास ऊब सोडत राहतो आणि बसलेल्या जनावरासारखा चमकतो. सांजेला आणि सकाळी उन्हं चढताना एक वेळ अशी येते की दगड, माती, झाडाचं खोड आणि जनावराची कातडी यांचं तापमान जवळपास सारखं होतं. तेव्हा पडद्यावर नुसती राखाडी खीर दिसते. नेमक्या याच वेळांना माणसं परसाकडे, सरपणाला, गुरं सोडायला बाहेर असतात. चित्र सगळ्यात स्वच्छ मिळतं ते मध्यरात्रीनंतर, कोरड्या थंडीत, दगड निवल्यावर. धुकं उतरलं की पल्ला पुन्हा आखडतो.

लोकांचा आणखी एक समज असतो की यातून आरपार दिसतं. अजिबात नाही. कपाशीचं एक पान आणि वाघाचं नाक यांत कॅमेऱ्याला पानच दिसतं. फटीतून जेवढी ऊब बाहेर येईल तेवढीच. छातीइतक्या तुरीत बसलेलं जनावर मला एकदाही पूर्ण दिसलं नाही. दिसले ते तुटक ठिपके, पानं हलली की विझणारे. केसाळ जनावराची गोष्ट आणखी वेगळी. दाट केस ऊब आतच धरून ठेवतात, त्यामुळे वरून अंग थंड भासतं आणि तोंड, डोळे, पोटाखालचा भाग तेवढा उजळतो.

आता ठिपक्यांचं गणित, कारण जाहिराती तिथेच फसवतात. माझ्या हातातल्या यंत्राचा संवेदक ३८४ बाय २८८ ठिपक्यांचा, ठिपका १२ मायक्रॉनचा, भिंग २५ मिलिमीटरचं. हिशेब केला तर ५०० मीटरवर एक ठिपका २४ सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणजे नाकापासून ढुंगणापर्यंत पावणेदोन-दोन मीटर लांब, मीटरभर उंच वाघ तिथे सात-आठ ठिपके लांब आणि चार ठिपके उंच. बैल आठ लांब, पाच उंच. या दोघांतला फरक ओळखून दाखवणाऱ्याला मी जन्मभर गुरू मानीन. जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये यावर ठोकताळे बसवले, ते अजून वापरात आहेत: काहीतरी आहे एवढं कळायला दोन ठिपके पुरतात, कोणत्या जातीचं आहे हे कळायला आठेक लागतात, नेमकं काय आहे हे सांगायला बारा-तेरा. खोक्यावर छापलेला 'हजार मीटर' पल्ला पहिल्या प्रकारातला असतो. वाघ वाघ म्हणून ओळखायचा तर माझ्या यंत्राला तो दीडशे मीटरच्या आसपास यावा लागेल. दीडशे मीटर तोडायला धावत्या वाघाला जेमतेम दहा सेकंद पुरतात.

या भागात थर्मलची सगळ्यात गाजलेली हजेरी लागली ती २०१८ मध्ये. पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यातल्या टी-१ वाघिणीवर, म्हणजे अवनीवर, १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. बेशुद्ध करून पकडा, ते जमलंच नाही तर मारा, या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयाने ११ सप्टेंबरला नकार दिला आणि जंगलात जत्रा भरली. ट्रॅप कॅमेरे, थर्मल ड्रोन, पॅराग्लायडर, हत्ती, केन कोर्सो जातीचे इटालियन कुत्रे, आणि वाघिणीला भुलवायला अत्तर. आणलेल्या हत्तींपैकी एक साखळी तोडून निघाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. एवढी सामग्री हाताशी असूनही निकालानंतर ५२ दिवस गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटी गावाजवळ, रस्त्यालगत, जीपमधून गेलेल्या पथकाची आणि वाघिणीची गाठ पडली आणि ती गोळीने मेली. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता का, यावर पुढे चौकश्या झाल्या, वाद अजून धुमसतो. तिची मादी बछडी डिसेंबरात पकडून पेंचला नेली, तीही हत्तींच्या मदतीने.

त्या रानात ऑक्टोबरात फिरलेल्याला इतके दिवस लागल्याचं आश्चर्य वाटू नये. पावसानंतर माजलेली रायमुनियाची जाळी डोक्याच्या वर गेलेली असते, नाले झाडोऱ्याने बुजलेले असतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात जमीन वाघिणीच्या कातडीइतकीच तापते. वरून पाहणाऱ्या यंत्राला अशा वेळी पानांचं छत दिसतं, त्याखालची सावली दिसत नाही. तेच यंत्र दुसरीकडे कामी आलं आहे. उत्तर प्रदेशात बहराइचचे लांडगे शोधायला २०२४ मध्ये थर्मल ड्रोन वापरले, २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडचा बिबट्या शोधतानाही. गुण यंत्राचा थोडा, हंगामाचा आणि जागेचा पुष्कळ.

हे यंत्र शिकाऱ्याच्या हाती पडलं तर, असं मला या चार दिवसांत तिघांनी विचारलं. भीती खरीच आहे. पण याच तालुक्यात, मुकुटबन वनपरिक्षेत्रातल्या मांगुर्ल्याच्या जंगलात, २०२१ च्या एप्रिलमध्ये नाल्याकाठच्या गुहेत एक गाभण वाघीण मेलेली सापडली. गळ्यात तारेचा फास, अंगावर भाल्यांच्या जखमा, पुढचे पंजे तोडून नेलेले, गुहेच्या तोंडाशी जाळ केल्याच्या खुणा. तिला मारणाऱ्यांकडे तार होती, भाले होते आणि काडेपेटी. कुंपणात सोडलेला उघडा करंटही असाच स्वस्त. तो डुकरासाठी लावतात आणि त्यात कधी वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरी.

मचाणावरून रात्री खाली उतरताना मला एक गोष्ट उशिरा सुचली, आणि ती कुठल्याच जाहिरातीत नव्हती. साप थंड रक्ताचा. घोणस, नाग, मण्यार यांचं अंग मातीइतकंच गार, म्हणून थर्मलच्या पडद्यावर ते मातीच. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजारांच्या आसपास माणसं मरतात. वाघाने मरणाऱ्यांचा आकडा याच्या जवळपासही फिरकत नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावून बांधावरून चालू लागलो तसे काका मागून ओरडले, "बॅटरी लावा ना जी पायापाशी! तो दूरचा वाघ पाहून काय करता?" त्या भागात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. मी लावली. गमबूट आधीच घातले होते, काठी काकांनी हातात दिली.

पडद्याचा उजेडही त्रास देतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडदा एकदा डोळ्याला लावला की ती सगळी कमाई जाते. म्हणून उजेड अगदी मंद ठेवावा आणि एकच डोळा लावावा, दुसरा अंधारातच राहू द्यावा. चालताना यंत्र गळ्यात. थांबून बघावं, बघून चालावं. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी वाटलं ते झोपडीच्या दारातून, बाहेर पाऊल टाकण्याआधी, चारही बाजूंनी एकदा सावकाश फिरवणं. मोटर चालू करायला जाण्याच्या वाटेवर काही मोठं, ऊबदार बसलंय का, एवढ्या प्रश्नाचं उत्तर सात ठिपकेही देतात. तो बैल आहे की वाघ, हे ठरवायला जवळ जाऊ नये. यंत्र हाती असलेल्या माणसाला नेमका तोच मोह होतो. मला दोनदा झाला.

आणि हे आपल्या वावरात. रात्री परवानगीशिवाय जंगलात किंवा अभयारण्यात शिरणं हा गुन्हाच आहे, हातात बंदूक असो की कॅमेरा. गावात यंत्र घ्यायचंच झालं तर एकट्याने घेण्यापेक्षा पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून घ्यावं आणि ज्याची पाण्याची पाळी रात्रीची, त्याच्याकडे ते त्या आठवड्यात असावं. दिवसा वीज मिळू लागली तर यातलं निम्मं कारण संपेल, हेही खरं.

पडद्यावर मोठा, हलणारा, ओळखू न येणारा उजळ डाग दिसला की मागे फिरा, मोटर एक रात्र बंद राहू द्या, शेजारच्या मचाणावर हाक द्या आणि वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा.