अमेरिकी स्प्रेयर, २३० व्होल्टचा सॉकेट

खोर फक्कान शारजा अमिरातीत येते. तिथला घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. सॉकेट ब्रिटिश धाटणीचे, तीन चपट्या पिनांचे. भारतातून नेलेल्या रंगकामाच्या एअरलेस स्प्रेयरला त्यामुळे फक्त प्लग बदलावा लागतो. अमेरिकेतले १२० व्होल्टचे यंत्र मात्र नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर लावू नये. अ‍ॅडॉप्टर पिन बदलतो, व्होल्टेज नाही. जवळपास दुप्पट व्होल्टेज मिळाले की मोटर आणि दाब सांभाळणारा सर्किट बोर्ड क्षणात जळू शकतो.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही दणकट. यंत्राच्या पाटीवर १५ अँपिअर असेल तर १२० × १५ म्हणजे १,८०० व्हीए. पण मोटर सुरू होताना याहून कितीतरी जास्त प्रवाह ओढते, म्हणून ३,००० व्हीएचा घ्यावा. हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. ब्रशच्या मोटरला त्याचे काही नाही. इंडक्शन मोटर मात्र सुमारे १७ टक्के मंद फिरते आणि जास्त तापते.

लांब, बारीक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज घसरते. लांबी हवीच असेल तर वायरऐवजी रंगाचा होज वाढवावा.

सर्वांत महत्त्वाचे अर्थिंग. वेगाने सुटणाऱ्या रंगामुळे स्थिर वीज साठते आणि थिनरच्या वाफा एका ठिणगीने पेटतात. अर्थची तार सॉकेटपासून ट्रान्सफॉर्मरमार्गे यंत्रापर्यंत अखंड हवी. दोन पिनांचा ट्रान्सफॉर्मर ती तोडतो, तो घेऊच नका.