सीमा, वाहतूक आणि विशेषीकरण : वैनगंगा-प्राणहिता खोऱ्याचा दाखला

शेजारच्या प्रदेशांनी परस्परांमधील जकाती उठविल्या म्हणजे त्यांच्यातील व्यापार वाढतो आणि प्रत्येक प्रदेश आपापल्या अनुकूल उत्पादनाकडे वळतो, हे आर्थिक एकीकरणाच्या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. १८३४ साली अस्तित्वात आलेला जर्मन राज्यांचा सीमाशुल्क संघ आणि १९५७ च्या रोम करारातून उदयास आलेला युरोपीय सामाईक बाजार ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. परंतु या गृहीताची परीक्षा घेण्यासाठी युरोपातच जावयास हवे असे नाही. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे क्षणभर उत्तरवाहिनी होणारी वैनगंगा पुढे दक्षिणेस वळते, वर्धेला मिळून प्राणहिता हे नाव धारण करते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. या जलमार्गाच्या खालच्या भागात दीर्घकाळ दोन स्वतंत्र अर्थव्यवस्था समोरासमोर उभ्या होत्या. एका तीरावर ब्रिटिश अमलाखालील चांदा जिल्हा होता, तर दुसऱ्या तीरावर स्वतःची जकात आणि स्वतःचे नाणे असलेले निजामाचे हैदराबाद संस्थान होते. एकीकरणाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा पुरावा या खोऱ्याच्या इतिहासात पाहावयास मिळतो.

प्रथम तत्त्व पाहू गेल्यास, रिकार्डोने १८१७ मध्ये मांडलेल्या तुलनात्मक परिव्ययाच्या सिद्धान्तानुसार दोन प्रदेशांतील उत्पादनखर्चांचे परस्परप्रमाण भिन्न असले की त्यांच्यात लाभदायक विनिमय शक्य होतो. हा विनिमय प्रत्यक्षात घडण्यास मात्र किमतींतील तफावत ही वाहतूक-खर्च आणि जकात यांच्या बेरजेहून अधिक असावी लागते. समजा, एखादा जिन्नस एका तीरावर १०० रुपयांस व दुसऱ्या तीरावर ११२ रुपयांस पडतो. वाहतुकीस १५ रुपये लागत असतील, तर जकात असो वा नसो, व्यापार होणार नाही. वाहतूक ९ रुपयांत होत असेल आणि जकात ५ रुपये असेल, तरीही तो होणार नाही. परंतु या स्थितीत जकात उठताच तो सुरू होईल. तात्पर्य, जकातमुक्तीचा परिणाम वाहतुकीच्या अवस्थेवर अवलंबून असतो. या खोऱ्यात हे दोन्ही अडथळे निरनिराळ्या काळी दूर झाले, म्हणून त्यांचे परिणाम वेगवेगळे तपासता येतात.

वाहतूक महाग असते तेथे व्यापार वर्षभर सारखा चालत नाही. तो विशिष्ट स्थळी व विशिष्ट काळी एकवटतो. महाशिवरात्रीस मार्कंड्याला भरणाऱ्या यात्रेचे आर्थिक स्वरूप या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगे आहे. पीक हाती आलेले, नदीचे पाणी उतरलेले, बैलगाडीची वाट मोकळी झालेली, अशा ऋतूत ही यात्रा येते. देवदर्शनास जमलेल्या समुदायामुळे विक्रेत्यास गिऱ्हाईक शोधीत रानोमाळ हिंडावे लागत नाही. यात्रा ही वाहतूक-खर्च वाटून घेण्याची एक जुनी सामाजिक व्यवस्थाच होय. मात्र अशा प्रासंगिक बाजाराच्या भरवशावर कोणताही प्रदेश अन्नधान्य सोडून एकाच विक्रेय मालाच्या उत्पादनास सर्वस्वी वाहून घेऊ शकत नाही. जुन्या काळातील येथील शेतीचे स्वयंपूर्ण स्वरूप हे अज्ञानाचे लक्षण नसून महाग वाहतुकीला दिलेले सयुक्तिक उत्तर होते.

पहिला प्रयोग १८६० चा. त्या वर्षीच्या तहान्वये निजामाने गोदावरी व वैनगंगा यांच्या डाव्या तीरावरील आपला मुलूख ब्रिटिशांच्या स्वाधीन केला आणि सिरोंचाचा प्रदेश ब्रिटिश अमलाखाली आला. त्याच तहात असे ठरले की, या नद्या जेथवर उभय राज्यांची सीमा आहेत तेथवर त्यांवरील नौकानयन मुक्त राहील आणि वर-खाली जाणाऱ्या मालावर कोणत्याही पक्षाने जकात घेऊ नये. आजच्या परिभाषेत हा एक मर्यादित मुक्तव्यापार करारच होता. वऱ्हाड-नागपूरकडील कापूस नदीमार्गाने पूर्व किनाऱ्यास न्यावा आणि परतीस मीठ आणावे, ही गोदावरी नौकानयन योजनेमागील कल्पना होती. सर आर्थर कॉटन हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते.

करार झाला, पण नदी अनुकूल झाली नाही. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी येथील खडकांच्या तीन धोंडींनी नौकांचा मार्ग अडविला होता. शिवाय उन्हाळ्यात पात्रात पुरेसे पाणी राहत नसे. दरम्यान १८६७ मध्ये लोहमार्ग मुंबईहून नागपूरपर्यंत येऊन पोहोचला आणि कापसाचा ओघ पश्चिमेकडे वळला. अखेर १८७१ मध्ये नदीवरील कामे सोडून देण्यात आली. जकात शून्य होती, तथापि व्यापार अपेक्षेप्रमाणे वाढला नाही. पश्चिमेकडील स्वस्त वाहतुकीने पूर्वेकडील जकातमुक्तीवर मात केली.

दुसरा प्रयोग याच्या उलट होता. काझीपेठ-बल्लारशाह लोहमार्ग १९२९ पर्यंत पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास हा थेट रस्ता वर्धा नदी ओलांडून निजामाच्या मुलखातून जाऊ लागला. वाहतुकीचा अडथळा, निदान रुळांलगतच्या पट्ट्यात, दूर झाला. परंतु सीमा कायम होती. १८०२ च्या व्यापारी तहाने आयातीवर शेकडा ५ ही जकातीची कमाल मर्यादा घातलेली होती. त्याखेरीज हाली शिक्का आणि कलदार रुपया यांची अदलाबदल करावी लागे. कोळसा वा धान्य यांसारख्या जड व स्वस्त मालात नफ्याचे प्रमाण अल्प असते. तेथे एवढा बोजाही निर्णायक ठरू शकतो. म्हणजे पहिल्या वेळी जकात नव्हती पण वाट नव्हती; दुसऱ्या वेळी वाट झाली पण नाका राहिला.

दोन्ही अडथळे एकत्र दूर होण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात सामील झाले. १९५० मध्ये संघराज्याचे वित्तीय एकीकरण घडून आले आणि राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने देशांतर्गत व्यापाराचे स्वातंत्र्य घोषित केले. महसुलास एकाएकी तूट येऊ नये म्हणून पूर्वीच्या संस्थानी राज्यांना अंतर्गत जकात मर्यादित काळ चालू ठेवण्याची मुभा होती. तो अनुच्छेद १९५६ मध्ये रद्द झाला. ७ हाली रुपये म्हणजे ६ भारतीय रुपये, या दराने नाण्यांचे संक्रमण झाले आणि १९५९ मध्ये हाली शिक्का चलनातून पूर्णतः बाद झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघाला आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला.

जेकब व्हाइनर यांनी १९५० मध्ये सीमाशुल्क संघाच्या परिणामांचे दोन भाग पाडले. महाग स्थानिक उत्पादनाऐवजी स्वस्त शेजारी उत्पादन येऊ लागले तर ती व्यापारनिर्मिती होय. स्वस्त परकीय मालाऐवजी, केवळ जकात नाही म्हणून, महाग शेजारी माल येऊ लागला तर ते व्यापारविचलन होय. हैदराबाद भूवेष्टित असल्याने तेथे जाणारा परदेशी माल सामान्यतः ब्रिटिश हिंदुस्थानच्या बंदरांतूनच जात असे. बाहेरची भिंत जवळजवळ सामाईक होती. विलीनीकरणाने आतली भिंत तेवढी पडली. अशा स्थितीत विचलनास वाव थोडा आणि निर्मितीस अधिक, असा निष्कर्ष तर्कप्राप्त आहे. सिमेंट उद्योगाचे उदाहरण येथे बोलके आहे. राजुरा-कोरपना भागातील चुनखडी आणि वर्धा खोऱ्यातील कोळसा यांच्या आधारावर पूर्वीच्या सीमेलगत सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. जुनी सीमा आणि जुना नाका कायम असता, तर अशी उद्योगरचना इतकी सुलभ झाली नसती.

परंतु येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. विशेषीकरण वाढले हे खरे. पण कोणत्या टप्प्यावरील विशेषीकरण कोणाच्या वाट्यास आले? गडचिरोलीच्या रानातील तेंदूपाने विडीच्या कारखान्यांसाठी तेलंगणात आणि अन्यत्रही जातात. पान तोडणे, पुडे बांधणे व वाळविणे एवढेच काम जंगलात राहते. बांबूचे तेच झाले. १९४५ मध्ये स्थापन झालेली बल्लारपूरची कागद गिरणी लोहमार्गावर उभी राहिली, बांबू मात्र दूरच्या वनांतून आला. प्रक्रिया-उद्योग वाहतुकीच्या सोयीच्या केंद्राकडे आकर्षित होतात आणि दुर्गम प्रदेश कच्च्या मालाचा पुरवठादार बनतो, ही प्रवृत्ती पॉल क्रुगमन यांच्या १९९१ मधील केंद्र-परिघ सिद्धान्ताने स्पष्ट केली आहे. एकीकरणाने एकूण उत्पन्न वाढले, तरी त्याची वाटणी समान होईलच असे नाही.

वाटणी बदलण्यासाठी जकातीपेक्षा वेगळ्या अडथळ्याकडे पाहावे लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळाला होता; तथापि बांबू विकण्यास आवश्यक असलेल्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेच्या हाती एप्रिल २०११ मध्ये आले. मालकी मान्य होती, पण माल हलविण्याचा अधिकार नव्हता. गावाच्या दृष्टीने हा परवाना कोणत्याही सीमेवरील नाक्याइतकाच खरा होता. सुरजागडच्या लोहखनिजावर प्रक्रिया करण्यासाठी मार्कंड्याच्याच तालुक्यात, कोनसरी येथे, उभा राहिलेला कारखाना हा वाटणी बदलणारा दुसरा मार्ग होय. त्याच्या लाभाची मोजणी मात्र उत्पादनाच्या टनांनी न करता स्थानिक रोजगार, कौशल्य आणि जमीन व वन यांची किंमत यांनी करावी लागेल.

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि राज्यसीमांवरील विक्रीकराचे नाके उठले. प्राणहिता व गोदावरी यांवर पूल झाल्याने सिरोंचाचा पलतीराशी असलेला संबंध डोंग्यावर अवलंबून राहिला नाही. तरीही धोरणातील भिन्नता नवे नाके निर्माण करते. २०२३-२४ च्या हंगामात साधारण धानाची केंद्रीय आधारभूत किंमत क्विंटलला २,१८३ रुपये असताना छत्तीसगढ राज्याने ३,१०० रुपयांनी खरेदी केली. एवढी तफावत असता धान सीमेपलीकडे ओढले जाणे अपरिहार्यच. म्हणून परराज्यातील धान रोखण्यासाठी खरेदीच्या हंगामात त्या राज्यास तपासणी नाके उभारावे लागतात. हा व्यापार जमिनीच्या वा श्रमाच्या तुलनात्मक गुणांतून उद्भवत नाही. तो दोन तिजोऱ्यांच्या भिन्न धोरणांतून उद्भवतो, आणि म्हणून त्यास विशेषीकरणाचा पुरावा मानता येत नाही.

सारांश, जकातमुक्ती ही एकीकरणाची एक अट आहे, ते संपूर्ण एकीकरण नव्हे. १८६० चा करार वाटेअभावी निष्फळ ठरला आणि १९२९ चा लोहमार्ग नाक्यामुळे अपुरा राहिला. स्वातंत्र्योत्तर काळात वाट व बाजार दोन्ही मिळाले, तेव्हा विशेषीकरण झाले. पण त्यातील मोलाचा टप्पा ज्याच्या हाती माल हलविण्याचा व त्यावर प्रक्रिया करण्याचा अधिकार होता, त्याच्याकडे गेला. शेजारी राष्ट्रांच्या एकीकरणाचा अभ्यास करताना करारातील दरपत्रकाबरोबरच हा अधिकार कोणाकडे आहे हेही तपासणे अगत्याचे आहे.