मडके तपासणे सोपे, घडवणे?

गोरोबाकाकांच्या तेरमध्ये थापटण्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक असते. जमलेल्या संतांपैकी कच्चे कोण, हे काकांनी डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेव कच्चे ठरले. तपासायला एक चापट पुरते. मडके घडवायला मात्र माती मळण्यापासून आव्यापर्यंतचा खटाटोप.

तपासणे आणि शोधून काढणे यांतले हे अंतर कधी मिटेल का? संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न हाच. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये तो नेमका मांडला. 'पी विरुद्ध एनपी' हे त्याचे नाव. क्ले संस्थेने २००० मध्ये त्यावर लावलेले १० लाख डॉलरचे बक्षीस अजून कोणी नेलेले नाही.

तेरहून लसींची गाडी २० गावे करून परतणार आहे, असे समजा. ३०० किलोमीटरच्या आतला मार्ग कोणी लिहून दिला, तर बेरीज करून खात्री करायला दोन मिनिटे पुरतात. तो शोधायचा तर? सगळे क्रम सेकंदाला १०० कोटी या वेगाने तपासले, तरी सुमारे ७७ वर्षे लागतील. एक गाव वाढवा, सोळाशे वर्षे! चतुर पद्धती हा पसारा पुष्कळ आवरतात, पण गावे वाढत गेली की त्यांनाही धाप लागते. ऑनलाइन बँकव्यवहारांची कुलुपे याच विषमतेवर विसंबून आहेत.

जलद रीत नाहीच, हे सिद्ध कसे करायचे? शिकागो विद्यापीठातील केतन मुलमुले आणि आयआयटी मुंबईचे मिलिंद सोहोनी यांनी २००१ मध्ये भूमितीची वाट सुचवली. सुरुवात प्रश्नाच्या धाकट्या भावंडापासून. निश्चयकात काही पदे अधिक, काही उणे असतात. संगणक तो चटकन काढतो. सगळीच पदे अधिक केली की 'पर्मनंट' मिळतो, आणि त्यासाठी जलद रीत आजवर सापडलेली नाही. चिन्हे सोपी झाली, गणित अवघड! दोघांच्या सममिती वेगळ्या आहेत. त्या फरकावरूनच पर्मनंट लहान निश्चयकात बसत नाही हे दाखवावे, असा बेत होता.

२०१६ मध्ये बुर्गिसर, इकेनमायर आणि पानोवा यांनी या वाटेवरचा सर्वांत सोपा पुरावा अपुरा असल्याचे सिद्ध केले. सममितीचा एखादा नमुना आहे की नाही, एवढे पाहून भागणार नाही. तो किती वेळा येतो, हे मोजावे लागेल. आणि ती मोजणीच मुळात किचकट आहे.