स्कोप बिघडला? आधी स्क्रू तपासा

एअर रायफलला स्कोप लावला, चार टिन पेलेट संपवले, तरी छर्रे कागदभर विखुरलेलेच. अशा वेळी पहिला संशय स्कोपवर जातो. तो बदलला जातो आणि नव्या स्कोपचंही तेच होतं. दोष बहुतेक वेळा माउंट, स्क्रू, पेलेट, पकड किंवा नळी यांपैकी कशात तरी असतो. त्याबद्दलचे काही पक्के गैरसमज इथे एकेक करून तपासू.

गैरसमज : एक गोळी झाडायची, चुकली तेवढं टरेट (स्कोपवरची मार सरकवणारी चकती) फिरवायचं. दोन-चार गोळ्यांत झिरो होतो, म्हणजे नेम धरला तिथेच मार बसतो.

वस्तुस्थिती : एका गोळीवरून काहीच ठरत नाही. उत्तम रायफलच्याही पाच गोळ्या एकाच भोकातून जात नाहीत, त्यांचा एक ग्रुप पडतो. एकेका गोळीमागे टरेट फिरवलं तर आपण त्या नैसर्गिक विखुरण्याचाच पाठलाग करत राहतो. पाच गोळ्या एकाच बिंदूवर नेम धरून झाडा, त्यांचा मध्य काढा आणि तो मध्य हलवा. ग्रुप घट्ट पण भलत्या जागी पडत असेल, तर ते काम स्कोपच्या टरेटचं. ग्रुपच पडत नसेल, तर टरेटला हात लावू नका, दोष दुसरीकडे शोधा. बाकी सगळी तपासणी या एका फरकावर उभी आहे.

गैरसमज : चार क्लिक फिरवले तरी मार हलला नाही, म्हणजे टरेट खराब.

वस्तुस्थिती : टरेटवर पाव इंच लिहिलेलं असतं ते 100 यार्डांसाठी. 10 मीटरवर त्याच एका क्लिकने मार जेमतेम 0.7 मिलिमीटर सरकतो. म्हणजे गोळी 3 सेंटिमीटर डावीकडे जात असेल, तर चाळीसहून जास्त क्लिक उजवीकडे द्यावे लागतात. चार क्लिकचा फरक 4.5 मिलिमीटरच्या पेलेटच्या भोकाएवढाही दिसत नाही. बाणाची दिशाही लक्षात ठेवा : टरेटवरचा ‘अप’ किंवा ‘आर’ हा मार कुठे सरकेल ते सांगतो. गोळी खाली लागत असेल तर ‘अप’कडे फिरवायचं.

गैरसमज : मोठ्या बोअरच्या रायफलवर चालणारा भारी स्कोप एअर रायफलवर चालणारच.

वस्तुस्थिती : स्प्रिंगवाल्या रायफलचा धक्का वेगळा असतो. चाप ओढल्यावर जड पिस्टन पुढे झेपावतो, तेव्हा रायफल मागे येते. लगेच तो पिस्टन दाबलेल्या हवेच्या गादीवर आपटून थांबतो आणि रायफल पुढे ढकलली जाते. हा पुढचा हिसका बारुदी रायफलमध्ये नसतो आणि सगळेच स्कोप तो सोसण्यासाठी बांधलेले नसतात. आतलं भिंग किंवा क्रॉसहेअर सैल झालं की झिरो टिकत नाही. म्हणून स्प्रिंग रायफलसाठी ‘एअरगन रेटेड’ स्कोपच घ्या. पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या, रायफलला हा दुहेरी हिसका नसतो. तिथे सिलिंडरमधला दाब उतरत गेला की गोळीचा वेग बदलतो आणि मार वर-खाली होतो. रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत हे विशेष जाणवतं.

गैरसमज : माउंटचे स्क्रू एकदा आवळले की काम झालं.

वस्तुस्थिती : त्याच पुढच्या हिसक्यामुळे अख्खा स्कोप माउंटसकट रेलवर हळूहळू मागे सरकतो. मार दर काही गोळ्यांनी एकाच दिशेने ढळत असेल, तर हे पहिलं पाहा. माउंटच्या कडेला रेलवर पेन्सिलीची बारीक खूण करा. वीस-पंचवीस गोळ्यांनंतर खूण आणि माउंट यांच्यात फट दिसली की चोर सापडला. रायफलच्या रेलमध्ये भोक असेल तर माउंटची स्टॉप पिन त्यात बसवा, नसेल तर मागे स्टॉप लावा. स्प्रिंग रायफलवर एकसंध माउंट अधिक टिकतं. बहुतेक एअर रायफलची रेल 11 मिलिमीटरची डोव्हटेल असते. तिच्यावर पिकाटिनी या रुंद रेलसाठीचं माउंट कसंबसं बसवू नका. स्क्रूही थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. जोर लावून आवळले तर स्कोपची नळी चेपते. दस्त्याचे स्क्रू तर बहुतेक जण विसरतातच. ते सैल असतील तर ग्रुप कधीच पडत नाही.

गैरसमज : मार फार खाली आहे, ‘अप’ टरेट शेवटापर्यंत फिरवलं की झालं.

वस्तुस्थिती : नळी मोडून भरायच्या अनेक रायफलींची नळी रेलच्या तुलनेत किंचित खाली झुकलेली असते. तो झुकाव टरेटने भरून काढायला गेलं की टरेट टोकाला पोहोचतं. तिथे आतल्या छोट्या स्प्रिंगचा ताण सुटलेला असतो, आधार कमी पडतो आणि क्रॉसहेअर प्रत्येक गोळीला हलतं. उपाय माउंटमध्ये आहे : झुकाव भरून काढणारं माउंट घ्या, किंवा मागच्या रिंगखाली पातळ पट्टी घाला, म्हणजे टरेट मधल्या टप्प्यात राहील. नळीच्या बिजागरीचा बोल्ट सैल नाही ना, हेही याच वेळी पाहा.

गैरसमज : रायफल जितकी घट्ट धराल तितका नेम पक्का.

वस्तुस्थिती : पेलेट नळीत असतानाच स्प्रिंग रायफल हलायला लागलेली असते. त्यामुळे पकड बदलली की मार बदलतो. रायफल उघड्या तळहातावर सैल ठेवा, खांद्याला हलकी टेकवा आणि तिला दर वेळी सारखंच हलू द्या. टेबलावर, विटेवर किंवा शिकंज्यात कसून ठेवलेली रायफल ग्रुप बिघडवते. नळी कशावर टेकवणं तर त्याहून वाईट.

गैरसमज : पेलेट सगळे सारखेच, वेग जास्त तो चांगला.

वस्तुस्थिती : प्रत्येक नळीची पेलेटची आवड वेगळी. 4.5 च्या पेलेटमध्येही डोक्याचा व्यास 4.50, 4.51, 4.52 असा बदलतो, वजन बदलतं, आकार बदलतो. तीन-चार प्रकारांचे ग्रुप काढून जो सगळ्यांत घट्ट पडेल त्यावरच झिरो करा. पेलेट बदलला की झिरो नव्याने. वेगाची जाहिरात फसवी असते. पेलेटचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरजवळ गेला, की तो डळमळायला लागतो. नळीत किंवा चेंबरमध्ये तेल टाकून वेग वाढवू नका. ते तेल पेटतं, वेग अनियमित होतो आणि सील खराब होतं.

गैरसमज : 10 मीटरवर झिरो केला की सगळ्या अंतरांवर झिरो.

वस्तुस्थिती : स्कोप नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर असतो. पेलेट नजरेच्या रेषेखालून निघतो, रेषा ओलांडून वर जातो आणि पुढे पुन्हा खाली येतो. 10 मीटरवर झिरो केलेली रायफल 20-25 मीटरवर सहसा वर मारते, 5 मीटरवर खाली. जिथे नेहमी खेळणार, तिथेच झिरो करा. स्कोपही त्याच अंतराला जुळणारा हवा : 100 यार्डांवर पॅरॅलॅक्स बसवलेला स्कोप 10 मीटरवर वापरला, तर डोळा जरा सरकला तरी सेंटिमीटरभराची चूक सहज होते. रायफल टेकवून तिला न हलवता डोळा वर-खाली करून पाहा. लक्ष्यावर क्रॉसहेअर सरकलं तर पॅरॅलॅक्स आहे. पुढचं वलय फिरवून जवळचं अंतर लावता येणारा स्कोप घ्या.

गैरसमज : स्कोपशिवाय खरी अचूकता नाही.

वस्तुस्थिती : ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये स्कोप चालत नाही. तिथल्या लक्ष्याचा दहाचा बिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि नेम पीप साइटने, म्हणजे बारीक भोकातून पाहून, धरतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला. अचूकता येते ती तीच रायफल, तोच पेलेट आणि तीच पकड पुन्हा पुन्हा साधण्यातून.

तेव्हा झिरो हलला की क्रम असा ठेवा : दस्त्याचे आणि माउंटचे स्क्रू, नळीचा बोल्ट, पेलेट, पकड, पॅरॅलॅक्स आणि अगदी शेवटी स्कोप. स्कोपवर शंका उरलीच, तर तो ओळखीच्या, नीट ग्रुप देणाऱ्या दुसऱ्या एअर रायफलवर चढवून पाहा. तिथेही ग्रुप फुटला, तरच नवा स्कोप विकत घ्या.