टाके निघाले, भिंग बसलं. नजर अजून यायची आहे

मोतीबिंदू म्हटलं की आपल्याला म्हातारपण आठवतं. त्यामुळे विटी, काठी, बाभळीचा काटा किंवा फटाका लागून एखाद्या मुलाच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तर घरचे आजोबांच्याच अनुभवावरून हिशेब करतात: ऑपरेशन झालं, भिंग बसलं, विषय संपला. मुलांच्या बाबतीत हा हिशेब घातक ठरतो. त्यांच्या उपचारात ऑपरेशन हा मधला टप्पा असतो. डोळ्याला किती दिसणार, हे बऱ्याच अंशी त्याआधीच्या काही तासांत आणि नंतरच्या काही वर्षांत ठरतं.

आधीच्या तासांचं महत्त्व डोळ्याच्या रचनेतच आहे. नैसर्गिक भिंगाभोवती एक पातळ आवरण असतं. ते फाटलं की डोळ्यातलं पाणी भिंगात शिरतं, भिंग फुगतं आणि काही तासांत किंवा दिवसांत पांढरं पडतं. चेंडूच्या मुक्या मारानं आवरण न फाटताही मोतीबिंदू होतो, कधी काही वर्षांनीसुद्धा. म्हणून ‘आता दिसतंय ना’ असं समजून तपासणी थांबवू नये. डोळा फुटला असेल तर जंतुसंसर्ग रोखणं आणि टाके घालणं हे पहिलं काम. अशा डोळ्यात एरंडेल, मध किंवा दूध घालणं, तो चोळणं किंवा त्यावर घट्ट पट्टी बांधणं यानं उरलीसुरली नजरही जाऊ शकते. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप धरून थेट नेत्ररुग्णालय गाठावं. चुना गेला असेल तर मात्र आधी तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवायचा, मग निघायचं.

मोतीबिंदू टाके घालतानाच काढायचा की सूज ओसरल्यावर, यावर शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. फुटलेल्या भिंगामुळे डोळ्यातला दाब वाढत असेल तर थांबता येत नाही. एरवी थोडं थांबणं मला अधिक सुरक्षित वाटतं. पांढऱ्या भिंगाआडचा पडदा दिसत नसल्यानं आधी सोनोग्राफी लागते. मोतीबिंदू काढून त्या जागी बसवायच्या कृत्रिम भिंगाचा उगमही डोळ्याच्या जखमांतलाच. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या प्लास्टिक छताचे तुकडे डोळा सहन करतो, हे पाहून हॅरोल्ड रिडली यांनी 1949 मध्ये लंडनला पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. मात्र मुलाचा डोळा वाढत असतो. जन्माच्या वेळी तो सुमारे 17 मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी 23-24. त्यामुळे आज बसवलेल्या भिंगाचा नंबर उद्या जुळत नाही. लहान वयात मागचं आवरणही हमखास गढूळ होतं, म्हणून त्यात ऑपरेशनच्या वेळीच वाट करून ठेवावी लागते. कृत्रिम भिंगाला जवळ-दूर जुळवून घेता येत नाही, म्हणून फळ्यासाठी आणि वहीसाठी चष्मा लागतोच. सात-आठ वर्षांच्या आत मेंदू अजून पाहायला शिकत असतो. जखमी डोळ्यातून धूसर चित्र येत राहिलं तर तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि डोळा आळशी होतो. मग चांगला डोळा रोज काही तास झाकून दुसऱ्याला कामाला लावावं लागतं. मूल रडतं, पट्टी काढून टाकतं. खरी लढाई इथे असते.

‘एक डोळा धड आहे, मग एवढा खटाटोप कशाला?’ असं विचारलं जातं. दोन्ही डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज जातो, न वापरलेला डोळा तिरळा होऊ शकतो, आणि उरलेल्या एका डोळ्याला इजा झाली तर आयुष्यभराचा अंधार येतो. पडदा फाटला असेल किंवा बुबुळावर मधोमध व्रण असेल तर उत्तम ऑपरेशनही फारसं देऊ शकत नाही, हे पालकांना आधीच सांगायला हवं. पण शाळकरी मुलाला इजेपूर्वी नीट दिसत होतं, मेंदू बराचसा पाहायला शिकलेला होता. म्हणून जन्मजात मोतीबिंदूपेक्षा इथे आशा पुष्कळदा जास्त असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मजुरी बुडवून वारंवार तपासणीला येणार कोण? दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं मूल पुढचे काही महिने मूळ डॉक्टरांपुढे येत नाही, आणि हा दोष आईबापाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जातातच. ऑपरेशन झालेल्या मुलांची यादी त्यांच्या हाती द्यावी, साखर कारखान्याच्या तळावरही ती पोहोचावी, आणि रुग्णालयाच्या अहवालात ऑपरेशनच्या आकड्याशेजारी एक वर्षानंतर मोजलेल्या नजरेचा रकाना असावा.