इरईच्या खडकावरील ओरखडे

माझे गाव दाभोळ. आमची वाशिष्ठी गाळ निवडते : गोटे वर चिपळूणच्या अंगाला राहतात, खाडीच्या मुखाशी येतो तो वाळू-चिखल. म्हणून चंद्रपूरजवळच्या इरईचे वर्णन वाचताना मी थबकलो. तेथे मोठाले धोंडे आणि बारीक माती एकाच थरात कालवलेली आहे. वाहते पाणी सहसा असे करीत नाही, बर्फ करतो. शिवाय थराखालची चुनखडी घासून गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर समांतर ओरखडे! फेडन या भूशास्त्रज्ञाने १८७५ साली ही हकीकत प्रसिद्ध केली. तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा.

ओरखड्यावरून बर्फाची वाट कळते. पण तो त्या वाटेने गेला की आला? त्यासाठी गोटे पाहावे लागतात. ज्या जातीचा गोटा, त्या जातीचा मूळ खडक जिकडे, तिकडून बर्फ आला. (चपलेच्या मातीवरून पाहुण्याची वाट ओळखावी, तसेच हे.)

एवढे करूनही मिळते ती आजच्या नकाशावरची दिशा. तेव्हा भारत गोंडवन खंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. पुढे तो उत्तरेकडे सरकला, फिरलाही. म्हणून होकायंत्राचे माप तितकेच उलटे फिरवून वाचावे लागते.

दाभोळात मात्र असे ओरखडे शोधू नयेत. आमच्या जांभ्याखालचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याने तो बर्फ पाहिलाच नाही.