भूमापकांच्या परिषदा

जमिनीची मोजणी हे वरवर पाहता अत्यंत स्थानिक स्वरूपाचे काम आहे. भूकरमापक गावात येतो, बांधावर उभा राहतो, जुने टिपण आणि गटनकाशा पुढे ठेवून हद्दीच्या खुणा शोधतो, लगतच्या कब्जेदारांचे जबाब घेतो आणि मोजणीचा नकाशा तयार करून पुढच्या गावाला निघून जातो. या कामाचा बर्लिन, पॅरिस किंवा वॉशिंग्टन येथे भरलेल्या सभांशी काही संबंध असेल, अशी शंकाही पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. परंतु आज त्याच भूकरमापकाच्या हाती उपग्रहांचे संकेत टिपणारे रोव्हर यंत्र आहे, आणि त्या यंत्राच्या पडद्यावर उमटणारा प्रत्येक आकडा, मग तो रेखांशाचा असो, अंतराचा असो वा उंचीचा असो, कधीकाळी कोणत्या तरी परिषदेत वादविवादानंतर संमत झालेल्या ठरावाच्या आधारावर उभा आहे. मोजण्याचे काम यंत्र करते. त्या मोजमापाला जगभर एकच अर्थ प्राप्त करून देण्याचे काम मात्र माणसांनी एकत्र बसूनच करावे लागते. भूमापकांच्या परिषदांचे महत्त्व या एका गोष्टीत सामावलेले आहे.

अशा परिषदा नव्हत्या तेव्हा प्रत्येक राज्याची साखळी निराळी आणि प्रत्येक दप्तराचा आरंभबिंदू निराळा होता. आपल्या मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून इंदापूर तालुक्यात ज्या पाहणीचा पाया घातला, तिच्या पद्धतीत 33 फुटांची साखळी होती, साखळीचे 16 आणे होते, एका चौरस साखळीचा गुंठा होता आणि 40 गुंठ्यांचा एकर होता. जमाबंदीच्या कामाला ही पद्धत पुरेशी होती आणि तिच्यातून निर्माण झालेले दप्तर आजही हद्दीच्या वादांत प्रमाण मानले जाते. परंतु सारा ठरविण्यापलीकडे जाऊन पृथ्वीचा आकारच ठरवावयाचा, तर एका राज्याचे त्रिकोण शेजारच्या राज्याच्या त्रिकोणांशी जुळले पाहिजेत, आणि त्यासाठी दोघांचे माप एक असले पाहिजे.

ही गरज ज्याने संघटनेच्या रूपात आणली तो योहान याकोब बायर हा प्रशियाच्या सैन्यातील सेनानी होता. मध्य युरोपातील राज्यांनी आपापली त्रिकोणमितीय सर्वेक्षणे एकमेकांशी जोडावीत, अशी योजना त्याने 1861 साली मांडली. दुसऱ्याच वर्षी प्रशिया, सॅक्सनी आणि ऑस्ट्रिया यांचे प्रतिनिधी बर्लिन येथे एकत्र आले, आणि 1864 साली तेथेच पहिली सर्वसाधारण परिषद भरली. 1867 च्या परिषदेने सर्व युरोपासाठी एकच मीटर प्रमाणित करण्याची शिफारस केली, जिची परिणती पुढे 1875 साली पॅरिस येथे 17 राष्ट्रांनी सही केलेल्या मीटर-करारात झाली. 1883 साली रोम येथे याच मंडळींनी ग्रिनिचच्या रेखावृत्ताला आरंभवृत्त मानण्याची शिफारस केली, आणि पुढील वर्षी वॉशिंग्टन येथे 25 राष्ट्रांच्या सभेत ती 22 विरुद्ध 1 अशा मतांनी मान्य झाली. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने तर पॅरिसचे रेखावृत्त 1911 पर्यंत सोडले नाही. ज्या शून्यावरून आज उपग्रह-यंत्रे रेखांश मोजतात, ते ग्रिनिच वेधशाळेच्या जुन्या खुणेपासून सुमारे शंभर मीटर पूर्वेला असले, तरी त्याची परंपरा या मतदानापर्यंत जाऊन पोहोचते.

विद्वानांच्या या मंडळाबरोबरच प्रत्यक्ष शेतात, खाणीत आणि बंदरात मोजणी करणाऱ्या व्यावसायिकांचीही एक संस्था उदयास आली. 1878 साली पॅरिस येथे सात युरोपीय देशांच्या भूमापकांनी स्थापिलेला आंतरराष्ट्रीय महासंघ त्याच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘फिग’ म्हणून ओळखला जातो. दर चार वर्षांनी त्याचे महाअधिवेशन आणि मधल्या वर्षांत कार्यसप्ताह भरतो. शिक्षण, जलालेखन, स्थाननिश्चिती, अभियांत्रिकी मोजणी, भूमी-अभिलेख, नियोजन, मूल्यांकन अशा विषयांची वाटणी त्याच्या दहा आयोगांत केलेली आहे. दोन अधिवेशनांमधला काळ हाच या आयोगांच्या खऱ्या श्रमाचा काळ असतो.

त्या श्रमाचे एक फळ विशेष उल्लेखनीय आहे. 2002 साली वॉशिंग्टन येथील महाअधिवेशनात भूमी-अभिलेखांची सर्व देशांना लागू पडेल अशी एक मूलभूत रचना मांडण्यात आली: जमीन कोणती, माणूस कोण, आणि त्या दोघांमधला हक्क कोणत्या प्रकारचा, या तीन प्रश्नांभोवती उभारलेली. दहा वर्षांच्या चर्चेनंतर, 2012 साली, ती आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेचे अधिकृत प्रमाण झाली. याच विचारातून, संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेच्या सहकार्याने, दस्तऐवज नसलेल्या लोकांच्या ताब्याची नोंद कशी करावी याचीही एक पद्धती सिद्ध झाली. झोपडपट्टीतील रहिवासी, परंपरेने जमीन कसणाऱ्या जमाती, कुरणांवर फिरणारे पशुपालक यांचा हक्क कोणत्याही रजिस्टरात नसला, तरी तो अस्तित्वात असतो, हे तत्त्व भूमापकांच्या धंद्याने स्वतः होऊन मान्य करावे, ही गोष्ट मला त्याच्या सर्व यांत्रिक प्रगतीपेक्षा अधिक गौरवास्पद वाटते.

उपग्रहयुगाच्या आरंभी परिषदांची आवश्यकता अधिकच तीव्रतेने जाणवली. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांचे संकेत टिपणारी यंत्रे बाजारात आली. पण प्रत्येक कारखानदाराचे यंत्र आपली निरीक्षणे स्वतःच्या खाजगी सांकेतिक रूपात साठवी, त्यामुळे एकाच बिंदूवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांची निरीक्षणे एकत्र करणे दुर्घट होई. 1989 साली युरोपभर एकाच वेळी मोठी मोहीम करावयाची होती, आणि तीत चार कारखानदारांची साठांहून अधिक यंत्रे वापरली जाणार होती. त्या निकडीतून बर्न विद्यापीठाच्या खगोलसंस्थेने ‘रायनेक्स’ नावाचे एक समाईक रूप सुचविले: काळ, अंतर आणि लहरीची कला यांचे आकडे साध्या, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरांत लिहून ठेवावेत, म्हणजे ते कोणाच्या यंत्रातून आले याने काही बिघडणार नाही. न्यू मेक्सिकोतील लास क्रूसेस येथे त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात भरलेल्या परिसंवादात या प्रस्तावाची चर्चा झाली आणि तो स्वीकारला गेला. ज्या मसलतीने परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कारखानदारांना एका लिपीत लिहावयास लावले, तिचे ऋण त्या क्षेत्रातील प्रत्येकावर आहे. कारण सुधारित रूपात ते रायनेक्स आजही जगभर वापरात आहे.

अशा मेळाव्यांना व्यापाराचेही अंग असते. जर्मनीत दरवर्षी बर्लिन, श्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट अशा निरनिराळ्या शहरांत भरणाऱ्या ‘इंटरजिओ’ प्रदर्शनात टोटल स्टेशन, लेझर-क्रमवीक्षक, ड्रोन आणि ग्राहीयंत्रे यांची दालने लागतात. तेथे खरेदीदार एकाच दिवशी चार कारखानदारांना तोच अवघड प्रश्न विचारू शकतो, आणि ही परीक्षा कोणत्याही छापील माहितीपत्रकाने होत नाही.

एकदा ठरलेले प्रमाण कायमचे पुरते, असे मात्र नाही. भारतीय उपखंडाचा भूपट्ट दरवर्षी सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे. जागतिक चौकटीत मोजलेला आपल्या शेताचा कोपरा दहा वर्षांत सुमारे अर्धा मीटर पुढे गेलेला असतो, जरी बांध जागचा हललेला नसतो. म्हणून सूक्ष्म मोजणीत स्थानाबरोबर कालाचीही नोंद करावी लागते आणि पृथ्वीची चौकट वारंवार नव्याने निश्चित करावी लागते. हे काम एका राष्ट्राच्या आवाक्यातले नाही, हे ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2015 साली जागतिक भूगणितीय चौकटीसंबंधी ठराव संमत केला. संयुक्त राष्ट्रांची जागतिक भू-अवकाशीय माहिती परिषद ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या हैदराबादेत भरली, हीही समाधानाची गोष्ट आहे.

महाराष्ट्रात आज संदर्भ-स्थानकांच्या जाळ्याच्या आधाराने रोव्हरने मोजणी होते आणि ड्रोनने गावठाणांचे नकाशे तयार होतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे साखळीचे टिपण आणि आजचे उपग्रहाचे आकडे यांचा मेळ कसा घालावयाचा, या प्रश्नाचा आपल्या दप्तराइतका समृद्ध अनुभव फार थोड्यांजवळ असेल. हा अनुभव जागतिक अधिवेशनांत मांडला जावा, त्यासाठी तालुक्याच्या भूकरमापकाला तेथवर पाठविले जावे. आणि तेथे जे ठरते त्याची चर्चा मराठीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, शेतकऱ्यांच्या आणि वकिलांच्या समक्ष व्हावी. ज्याच्या बांधावर या ठरावांचा अंमल व्हावयाचा आहे, त्याला ते समजावून सांगणे हे भूमी-अभिलेख खात्याचे, विद्यापीठांचे आणि या धंद्यातील जाणत्यांचे कर्तव्य आहे, आणि ते त्यांनी विनाविलंब हाती घ्यावे.